निवडलेली मेथी

पिंपळगव्हाणच्या टेकडीवर आता पुन्हा यायचं नाही, असं बबनरावांनी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं होतं. बेचाळीस घरांची वस्ती आणि भाजी घेणारी घरं दोन. त्यातलं एक तर फक्त कांदेच विचारायचं. तेवढ्यासाठी मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर चढवायची, म्हणजे पेट्रोलही अंगावर येत होतं.

बबनराव सावळीचे. वय साठीला टेकलेलं. तीन एकर कोरडवाहू बटईनं, म्हणजे वाट्यानं, देऊन वीस वर्षांपासून त्यांनी भाजीचा धंदा धरला होता. मोटारसायकलच्या मागे लोखंडी सांगाडा, सांगाड्यात चार कॅरेट, हँडलला अडकवलेला काटा. कारंजाच्या भाजीबाजारात दिवस उगवायच्या आधी हर्राशी, म्हणजे मालाचा लिलाव, व्हायची. तिथून माल उचलला की सहाला ते रस्त्याला लागत. आधी मोठी गावं; मास्तरांची घरं, पाटलांची आळी, दवाखान्याचे क्वार्टर. टेकडी सगळ्यांत शेवटी, दुपारी साडेबारा-एकला. तोवर मेथीनं मान टाकलेली असायची, वांग्यांची कातडी सुरकुतलेली असायची, आणि खालच्या थरातले टमाटे फुटून कॅरेटमधून पाणी ठिबकत असायचं.

टेकडीवरची माणसं पूर्वी खाली नाल्याकाठी राहत. तलाव झाला तेव्हा त्यांना वर बसवलं. बहुतेक सगळी बौद्ध, बहुतेक सगळी मजुरी करणारी. वर एक विहार, एक अंगणवाडी, एक किराणा दुकान. बबनराव विहाराच्या ओट्यापुढे गाडी लावत, दोनदा हाळी देत, आणि दोन बकऱ्या तेवढ्या वळून पाहत.

त्या दिवशीही तसंच झालं. ते गाडी वळवायला लागले तेवढ्यात एका दारातून डोक्याला फडकं बांधलेली एक बाई बाहेर आली. अंगात ताप दिसत होता. बबनराव त्यांना नावानं ओळखत होते, लिलाबाई. कधीमधी गुरुवारच्या बाजारात दिसायच्या.

"भाऊ, एक गोष्ट पुसू काय?"

"पुसा नं."

"तुमी दुपारीच काहून येता?"

"मंग कवा येऊ? अगुदर मोठे गावं करा लागते. शेवटी तुमची टेकडी."

"दुपारी टेकडीवर कोन असते? म्हतारे, बकऱ्या, न् आज मी. ते बी ताप आला म्हून. साऱ्या बाया सातले मुकादमाच्या आटोत बसतात, दिवे लागले का वापस येतात. घेनारं मानूस घरी नसते तवा तुमी येता, न् मंग गावात सांगता का टेकडीवर कोनी भाजी खात नाइ."

गावात बबनराव असंच सांगत होते, हे खरं होतं.

लिलाबाई उंबऱ्यावर बसल्या. "माही सून हाये रूपा. सातवा चालू हाये तिले. रक्त कमी हाये म्हनतात. नर्सबाई येते न् सांगते, पालेभाजी खाय. पोरगी हो म्हनते न् दुकानात जाते. तठी काय हाये? आलू, कांदे, बिस्किटं, न् पाच-पाच रुपयांचे चिप्सचे पुडे. लेकरं तेच खाऊन राह्यले. बाजारात जाव त् त्या दिवसाची मजुरी बुडते. आनली भाजी त् दोन दिवस. बाकीचे पाच दिवस चटनी."

"पाहू," बबनराव म्हणाले, आणि गाडीला किक मारली.

त्यांच्या 'पाहू'चा अर्थ 'नाही' असा होता. सकाळची पहिली दोन गावं हाच त्यांच्या धंद्याचा कणा होता. तिथं जायला तास उशीर झाला की विनोदचा टेम्पो आधी पोचणार. विनोद तरुण होता, त्याच्या टेम्पोला भोंगा होता. बाईचं बोलणं खरं असलं तरी खऱ्या बोलण्यानं गिऱ्हाईक टिकत नाही, असा विचार करत ते टेकडी उतरले.

चार दिवसांनी मानोऱ्याच्या रस्त्यावर त्यांच्या गाडीची चेन उतरली. ऊन चढलं होतं. रस्त्याला लागून कापसाचं वावर होतं आणि बांधावरच्या कडुलिंबाखाली वेचणीच्या बाया जेवायला बसल्या होत्या. बबनराव चेन बसवून हात पुसत होते, तोच हाक आली.

"या भाऊ, भाकर खाऊन घ्या."

लिलाबाईच होत्या. ताप उतरला असावा, किंवा तापातच आल्या असाव्यात. त्यांच्याभोवती दहाजणी डबे उघडून बसल्या होत्या. सगळ्या टेकडीवरच्या.

बबनरावांच्या वडिलांनी टेकडीवरच्या कुणाच्या हातचं पाणीही घेतलं नसतं. बबनरावांना ते माहीत होतं, आणि आपलाही काही काळ तसाच गेला, हेही माहीत होतं. तरी ते चपला काढून बांधावर बसले.

लिलाबाईंनी अर्धी भाकर त्यांच्या हातावर ठेवली. बबनरावांनी सहज इकडंतिकडं पाहिलं. एका डब्यात जवसाची चटणी, दुसऱ्यात लाल मिरचीची, तिसऱ्यात तिळाची. एकीनं भाकरीवर नुसतं तिखट-मीठ टाकून वरून तेल सोडलं होतं. अकरा डब्यांत एकाच डब्यात आलूची भाजी होती. आणि ती डबेवाली, नुकतं लग्न होऊन आलेली पोर, उठून आली, आणि तिनं ती भाजी बबनरावांच्या भाकरीवर वाढली.

"अवो, तुले ठेव नं," बबनराव म्हणाले.

"पाव्हन्याले चटनी कशी देव काका," ती म्हणाली.

"पहिले वावरात सारं भेटे," एक म्हातारी बाई सांगायला लागली. "पानकाळ्यात तरोटा, चिवळ, घोळ, सारी रानभाजी. वटीत घेऊन घरी जाव. आता तननाशक मारतात. काडी उगवत नाइ."

दहा पावलांवर बबनरावांच्या गाडीवर मेथी होती, पालक होता, एक कॅरेट भरून वांगी होती. कुणीही तिकडं पाहून काही मागितलं नाही. बबनरावांना आठवलं, की काल संध्याकाळी मेथीच्या सात जुड्या त्यांनी गायीपुढं टाकल्या होत्या. त्यांनी भाकर संपवली आणि वरून पाणी प्यायले.

उठताना ते म्हणाले, "उद्या सकाळी येतो मी. सातच्या अगुदर."

लिलाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "भाऊ, येत नाइ म्हनलं त् चालते. पन येतो म्हनून न येनं चालत नाइ. मी बायाईले सांगून ठेवीन."

"सांगून ठेवा."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला बबनराव टेकडीवर होते. थंडी मरणाची. बाया पदर घट्ट गुंडाळून ओट्यापाशी उभ्या होत्या. ताजा माल त्यांनी टेकडीवर पहिल्यांदाच पाहिला असेल. वांगी गेली, टमाटे गेले. कोथिंबिरीला तिकडं सांबार म्हणतात, त्या सांबाराच्या जुड्या हां हां म्हणता संपल्या. मेथी मात्र जशीच्या तशी राहिली.

"मेथी घ्या नं," बबनराव म्हणाले. "याच्यासाठीच त् आलो."

"निवडाले टाइम कोनाले हाये भाऊ?" एकजण म्हणाली. "आता सैपाक, डबे, न् आटो. संध्याकाळी आल्यावर अंधारात निवडाव त् लेकरं उपाशी झोपतात."

पालकाचंही तेच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पालेभाजी वर यायची आणि तशीच खाली जायची. रूपा, लिलाबाईंची सून, एक जुडी घ्यायची, पण तिला बसून निवडताना धाप लागायची. रंग पांढुरका पडलेला, ओठ कोरडे. बबनरावांना ते पाहवत नसे, आणि उपायही कळत नसे.

उपाय चौथ्या दिवशी लिलाबाईंनी काढला. त्यांनी आठ जुड्या एकदम घेतल्या, विहाराच्या ओट्यावर नेल्या आणि आपल्या नवऱ्यापुढे ठेवल्या. माणिकराव गुडघ्यांमुळं कामावर जात नव्हते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून रस्त्याकडं पाहायचे. सोबतीला त्यांच्यासारखेच चार-पाच जण.

"हे काय?" माणिकरावांनी विचारलं.

"मेथी हाये. निवडून ठेवा."

"हे बायाईचं काम हाये."

"तुमी खाता का नाइ?"

"खातो."

"मंग हे खानाऱ्याचं काम हाये," लिलाबाई म्हणाल्या आणि आटोत जाऊन बसल्या.

माणिकराव तासभर त्या जुड्यांकडं पाहत बसले, असं नंतर लोकांनी सांगितलं. मग त्यांनी एक काडी उचलली. पानं खुडली. दुसरी उचलली. शेजारच्या म्हाताऱ्यानं हसून चेष्टा केली, तर माणिकरावांनी एक जुडी त्याच्या मांडीवर ठेवली. संध्याकाळी बाया परतल्या तेव्हा आठ घरांची मेथी निवडून, ओल्या फडक्याखाली झाकून तयार होती. काड्यांचा ढीग बकऱ्यांपुढं होता.

त्या संध्याकाळी टेकडीवर आठ घरांत मेथीला लसणाची फोडणी पडली. ज्या घरांत नव्हती त्यांना वास गेला.

पंधरा दिवसांत सगळं बदललं. ओट्यावर रोज सकाळी सातआठ म्हातारे-म्हाताऱ्या जमायला लागले. कुणी पालक निवडायचं, कुणी चवळीच्या शेंगा मोडायचं, कुणी नुसतं बोलायचं. माणिकरावांची बोटं इतकी चालायला लागली की ते दुसऱ्यांच्या निवडण्यात खोट काढू लागले. "काडी राह्यली पाह्य तुही," म्हणायचे. आणि बायांनी आणखी एक गोष्ट केली. पाव-पाव घेण्यापेक्षा आदल्या दिवशीच सगळ्या घरांचं ठरवून कॅरेटचं कॅरेट सांगायला लागल्या. माल एका जागी उतरतो म्हटल्यावर बबनरावांनाही चार गल्ल्या फिरायला लागत नव्हत्या. त्यांनी भाव आपण होऊन उतरवला. शहराजवळच्या गावापेक्षा टेकडीवर भाजी स्वस्त पडायला लागली.

भीती होती ती खरी झाली नाही असं नाही. एका मोठ्या गावात विनोदच्या टेम्पोनं मास्तरांची घरं धरली. बबनरावांना वाईट वाटलं. पण सकाळी टेकडी चढताना वरच्या वळणावर भांडी घासण्याचा आवाज यायचा, कुणीतरी पोर ओरडायचं, "भाजीवाले आजोबा आले," आणि ते वाईट वाटणं खालीच राहायचं.

चैत्रात रूपाला मुलगी झाली. मानोऱ्याच्या दवाखान्यात, सुखरूप. रक्त चढवायला लागेल असं आधी सांगितलं होतं, ते लागलं नाही. लिलाबाईंनी गाडीचं हँडल धरून हे बबनरावांना सांगितलं. मग म्हणाल्या, "बारशाले या. जेवाले." बबनराव गेले. पंगतीत माणिकरावांच्या शेजारी बसून त्यांनी पातळभाजी खाल्ली, डाळीत शिजवलेला आंबटचुका, वरून शेंगदाणे. दोनदा मागून घेतली. त्यांनी असं किती दिवसांनी खाल्लं होतं, ते पंगतीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

श्रावणात एका सकाळी कारंजाहून येताना बबनरावांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि गाडी रस्त्याच्या कडेला गेली. चारही कॅरेट पांगले. उजव्या पायाचं नळीचं हाड मोडलं. मागून येणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्यानं, किशननं, त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. तिथून वाशीमला पाठवलं. पायाला प्लास्टर पडलं. रक्त तपासलं तर साखर फार वाढलेली निघाली. अंधारी त्यामुळंच आली, असं डॉक्टर म्हणाले.

"जेवणात काय असतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाजी-पोळी," बबनराव म्हणाले.

मुलगा राजू चाकणहून आला. चार दिवस राहिला. त्याला कारखान्यात जास्त सुट्टी नव्हती. "बाबा, तिकडं चला," म्हणाला. बबनराव 'पाहू' म्हणाले.

दवाखान्यातल्या खाटेवर त्यांना एकच गोष्ट खात होती. टेकडी. आता पुन्हा चटणी. पाचव्या दिवशी भल्या सकाळी फोन वाजला. रूपा होती. मागे माणसांचा गलका, कुणीतरी बोली लावत होतं.

"काका, पाय कसा हाये?"

"बरा हाये. तू कोठून बोलून राह्यली?"

"कारंजाच्या भाजीबाजारात उभी हाओ. मी न् मामंजी. किशनदादाच्या दुधाच्या गाडीत बसून आलो. पोरगी सासूबाईपाशी हाये. मले वावराच्या कामाले अजून जाता येत नाइ, म्हून बायाईनं मले धाडलं. आता सांगा, कोनाच्या अडतीवर जाऊ?"

बबनराव उठून बसले. पाय ठणकला, पण ते बसले. "खेमाच्या अडतीवर जाय. डाव्या हाताले तिसरी. माह्यं नाव सांग. मेथीची जुडी उलटी धरून पाह्य. बुडाशी पिवळी असली त् सोडून दे. वांगं दाबून नोको पाहू, देठ पाह्य. देठ हिरवं त् वांगं ताजं. न् पहिल्या बोलीले हात वर नोको करू, घाई दिसते."

"थांबा काका, हळू सांगा. मामंजी जुडी उलटी धरून राह्यले."

रोज सकाळी तो फोन यायला लागला. रूपा माल घ्यायची, माणिकराव कॅरेट धरून बसायचे, आणि दोघं पहिल्या एसटीनं परत यायचे. कंडक्टर कुरकुरला, मग त्यानंच मागची जागा कॅरेटसाठी मोकळी ठेवायला सुरुवात केली. मुकादमाचा आटो पंधरा मिनिटं थांबायला लागला. एक दिवसही टेकडीवर भाजी चुकली नाही. खाटेवर पडल्यापडल्या बबनराव सकाळची वाट पाहायचे. आपलं वीस वर्षांचं शहाणपण कुणाला तरी हवं आहे, हे त्यांना पायाचं हाड मोडल्यावर कळलं.

ते सावळीला घरी आले त्यानंतरच्या गुरुवारी लिलाबाई आणि माणिकराव त्यांना भेटायला आले. मजुरी बुडवून. राजू पुन्हा येऊन, त्यांना घरी आणून, आदल्या दिवशीच परत गेला होता. शेजारचा एकजण येऊन-जाऊन पाहत होता. लिलाबाई म्हणाल्या, "बसा तुमी, मी चा ठेवतो," आणि आतल्या खोलीत गेल्या.

बराच वेळ चहा आला नाही. मग त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात टोस्टचा मोठा पुडा होता.

"भाऊ, हे काय हाये?"

"टोस्ट हाये."

"ते दिसून राह्यलं. घरात एक वांगं नाइ, एक कांदा नाइ. तेलाच्या डब्यावर धूळ हाये. तुमी जेवता काय?"

चार वर्षांपूर्वी बबनरावांच्या पत्नी सोजरबाई गेल्या, तेव्हापासून हेच चाललं होतं. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी स्टँडवर समोसा, संध्याकाळी पुन्हा दूध-टोस्ट. उरलेली भाजी गायीला.

"एकट्यासाठी कोन रांधते बाई," ते म्हणाले. "सोजर होती तवा दोन भाज्या असत. आता चूल पेटवाव न् एकट्यानंच खाव, ते होत नाइ."

"डाक्टरनं पुसलं नाइ?"

"पुसलं. भाजी-पोळी खातो म्हून सांगतलं."

"इश्वास बी बसला असन त्याचा," लिलाबाई म्हणाल्या. "भाजीवाल्याले कोन पुसते." मग त्या खाली बसल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "आमी तरी कोठी पुसलं? आठ महिने झाले. रोज सकाळी येता. आमची सून उठली, लेकरं सुधरले, न् आमी एका दिवशी पुसलं नाइ का भाऊ, तुमी काय खाऊन आले. चूक आमची हाये."

"तुमची कशाची चूक?"

लिलाबाईंनी उठून चूल पेटवली. पिशवीतून आणलेले दोडके चिरले. माणिकरावांना, बसल्या बसल्या सवय म्हणून, पिशवीतली पालकाची जुडी पुढं ओढावीशी वाटली आणि त्यांनी ती ओढली. दोघं पुरुष समोरासमोर बसून पालक निवडायला लागले. बबनराव निवडत असताना माणिकराव त्यांना म्हणाले, "काडी राह्यली पाहा तुमची," आणि बबनराव, कितीतरी दिवसांनी, मोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवसापासून टेकडीवरून डबा यायला लागला. रोज एका घराचा. सकाळच्या एसटीत कंडक्टरजवळ दिला जायचा, सावळीच्या फाट्यावर शेजारचा माणूस उतरवून घ्यायचा. भाकर, एक पालेभाजी, एक वरण किंवा उसळ. साखर आहे म्हणून गोड नाही. डब्यावर कुणाचं नाव नसायचं, पण बबनरावांना हळूहळू चव ओळखू यायला लागली. जास्त लसूण म्हणजे लिलाबाईंचा. आंबट वरण म्हणजे वरच्या आळीतला. एकदा आलूची भाजी आली, आणि ती कुणाची हे त्यांना न सांगता कळलं. त्या दिवशी ते जेवायला बसले आणि पहिला घास हातात धरून कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. ज्यांच्या डब्यांत चटणी होती त्या बाया आपल्याला रोज जेवू घालत होत्या. याचं काय करायचं माणसानं? परत कसं द्यायचं? त्यांना कळेना. शेवटी ते जेवले. तेच बरोबर वाटलं.

कार्तिकात प्लास्टर जाऊन ते काठीवर आले, आणि मग काठीही सुटली. पुन्हा रक्त तपासलं. साखर पूर्ण उतरली नव्हती, पण डॉक्टर खूश होते. "काय केलंत?" त्यांनी विचारलं. बबनराव म्हणाले, "टेकडीचा डबा." डॉक्टरांना तो एखाद्या खानावळीचा वाटला असावा.

राजूला त्यांनी फोनवर सांगितलं की चाकणला ते येतील, पण आठ दिवसांसाठी, नातू पाहायला. राहायला नाही.

मोटारसायकल दुरुस्त होऊन आली त्या सकाळी ते धाकधुकीतच टेकडीवर गेले. आता रूपाला सगळं येत होतं. खेमा तिला नावानं ओळखत होता. बबनरावांची तिथं गरज उरली होती की नव्हती, कुणास ठाऊक. त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, पोरीला म्हणायचं, तूच चालव. आणि तसं म्हणालेही.

रूपानं पोरगी कडेवर घेतली होती. "काका, हर्राशी मी करतो. तुमाले आता पहाटचं उभं राहनं, उचलनं नको. पन एसटीत चार कॅरेटाच्या वर घेत नाइत, न् खालच्या दोन वस्त्या मले रोज म्हनून राह्यल्या का आमालेही द्या. गाडी कोन चालवन? मामंजी?"

माणिकराव ओट्यावरून म्हणाले, "मी कायले? मले निवडाले पुरत नाइ."

असं ते ठरलं. रूपा आणि आणखी एक बाई आळीपाळीनं किशनच्या गाडीतून भाजीबाजारात जायच्या. बबनराव सहाला तिथं पोचून माल चढवायचे. आधी टेकडी, मग खालच्या दोन वस्त्या, मग जी काही मोठी गावं उरली ती. टेकडीवर माल उतरवला की ते कुठल्या तरी एका घरी जेवत. नको म्हणायची सोय नव्हती. दारात गेलं की ते स्वतःच आधी "जयभीम" म्हणत, आणि आतून "राम राम भाऊ" असा जबाब येई, आणि दोन्ही बाजूंना त्याचं हसू येई.

मार्गशीर्षात पोहरादेवीकडच्या एका तांड्यावरून भाऊसिंग नावाचा माणूस त्यांना शोधत भाजीबाजारात आला. डोक्याला मोठा फेटा, हातात पिशवी. त्यानं ऐकलं होतं की इकडं एक भाजीवाला आहे, वस्तीवर पहाटे येतो, भाव वाजवी लावतो, आणि त्या वस्तीतली लेकरं सुधारली आहेत.

"आमच्या तांड्यावर बी तसंच करा नं दादा," भाऊसिंग म्हणाला. "तुमच्या डोक्यातून निघालं म्हनतात हे."

"कोन म्हनते?" बबनरावांनी विचारलं.

"सारेच."

बबनरावांनी कॅरेटची दोरी आवळली. सांगण्यासारखं खूप होतं, आणि ते बाजारातल्या गलक्यात सांगण्यासारखं नव्हतं. "सारे चूक सांगून राह्यले," ते म्हणाले. "मी त् टेकडी सोडून चाललो होतो. बसा मागं. मेथीवर बसू नका तेवढं. तुमाले एका बाईपाशी नेतो."

भाऊसिंग सांगाड्याला धरून बसला. रूपा एसटीनं पुढं गेली होती. ऊन कोवळं होतं, दोन्हीकडं तुरी फुलात होत्या. टेकडीच्या वळणावर गाडी कण्हली आणि चढली. ओट्यावर म्हातारे आधीच जमून बसले होते. मुकादमाचा आटो उभा होता आणि लिलाबाई साडीवर कामाचा सदरा चढवत दारात उभ्या होत्या.

"ताई, हे भाऊसिंग," बबनराव म्हणाले. "ह्यायच्या तांड्यावर भाजी पोचत नाइ. तुमीच काय ते सांगा ह्यायले."

लिलाबाईंनी भाऊसिंगकडं पाहिलं, मग आटोकडं. मुकादमाला हातानंच थांबायची खूण केली. घरातून पाण्याचा तांब्या आणला, ओट्यावर जागा पुसली आणि पाहुण्याला बसवलं. मग स्वतःही समोर बसल्या.

"घरं किती हायेत तुमच्याकडं?" त्यांनी विचारायला सुरुवात केली.

बबनराव गाडीकडं गेले आणि कॅरेट उतरवायला लागले.